मैनाचे वाळे

२६ नोव्हेंबर १९५८, महाड

सव्वाचार पौंड! डॉक्टर कमलाकरांनी ते अशा सुरात सांगितलं, जणू मैना परीक्षेत नापास झाली.

मुलगी झाली. काल सकाळी, चांगलं उजाडल्यावर. मैना ठीक आहे. मुलगीही ठीक आहे. रडते ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी. ठमा नातीला बघून आधी हसली, मग पदर तोंडाला लावला. "वन्सं, केवढीशी हाय वो!" असू दे केवढीशी. माझ्या दोन तळव्यांवर मावते. पण डोळे उघडून अशी रोखून बघत होती, की मीच उठून नमस्कार करावा.

सयाजी असता तर गावभर ओरडत सुटला असता. माझा धाकटा भाऊ. गेला बिचारा लवकर. त्याच्यामागे त्याची बायको ठमा आणि ही एकच लेक. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. पण पोलादपूरच्या पलीकडे डोंगरात डॉक्टर कुठला? म्हणून मायलेकींना मीच हट्टानं महाडला माझ्या घरी आणलं. निवृत्त हेडमिस्ट्रेसच्या घरात शांतता फार. ती मोडली ते बरं झालं.

डॉक्टर म्हणाले, "प्रीमॅच्युअर आहे, बाई. दिवस भरायच्या आधीची."

म्हटलं, "दिवस भरलेत. आम्हाला मोजता येतात."

तर म्हणे, साडेपाच पौंडांच्या आतलं प्रत्येक मूल प्रीमॅच्युअर. सगळ्या जगाचा नियम आहे! वजनावरून दिवस! उद्या भात मोजून सांगतील, पाऊस कधी सुरू झाला होता. मुलगा हुशार आहे, हात स्वच्छ आहेत, पण पुस्तक वाचताना मान वर करत नाही. असल्या मुलांना मी वर्गात पहिल्या बाकावर कधी बसवत नसे.


२७ नोव्हेंबर

दूध ओढते. जळवेसारखी. शाब्बास!


२९ नोव्हेंबर



आज पाचवी. मैनाचे सासू-सासरे आले, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतून, पहिल्या गाडीनं. सासरे हैबतराव उंच, थोडे वाकलेले, बोलणं कमी. सासू आनंदीबाई म्हणजे मूठभर बाई! माझ्या खांद्यालाही लागत नाही. आवाज मात्र घाट चढून पलीकडे उतरेल असा.

आणलं सगळं रीतसर. कुंची, झबलं, गूळ-खोबरं, चांदीचे वाळे. आनंदीबाईंनी बाळ मांडीवर घेतलं तेव्हा चेहरा मऊ झाला होता, खोटं कशाला लिहू. मग त्यांनी वाळा घातला. बाळानं पाय झाडला, वाळा टाचेवरून घसरून फरशीवर पडला. पुन्हा घातला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो घरंगळत पाटाखाली गेला आणि आनंदीबाईंनी बाळाचा पाय हातात धरून बघितला.

"येवढंसं कसं गो हे?"

ठमा म्हणाली, "भरंल की, ईनबाय."

"भरंल तवा भरंल. आता येवढंसं का? आमी काय उपाशी ठेवली व्हती तिला? इचारा तिलाच! अंडं माज्या हातानं उकडून दिलं. सुकट दिली, तूप दिलं, नाचणीची पेज दिली. गाभण म्हशीचं नाय केलं येवढं हिचं केलं!"

हे मात्र खरं आहे. मैनाच सांगते. सासूनं खायला काही कमी केलं नाही.

आणि तेवढ्यात डॉक्टर बाळाला बघायला आले. देवाला हीच वेळ सापडली! आनंदीबाईंनी त्यांना सरळ विचारलं, त्यांनीही सरळ सांगून टाकलं: नियमाप्रमाणे दिवस अपुरे. दीड-दोन महिने तरी कमी.

झालं. आनंदीबाई बोटं मोजू लागल्या. मोठ्यानं. त्यांचा सदू मुंबईला गिरणीत असतो. शिमग्याला पालखीसाठी आला, पालखी देवळात बसली तसा परत गेला, तो थेट गणपतीत आला. शिमग्यापासून आज नऊ महिने. हिशेब चोख आहे! पण त्यातून दोन काढले की बोट येतं वैशाखावर. आणि वैशाखात सदू मुंबईत होता.

ते बोट तिथंच थांबलं. मैनाच्या समोर. तिला अजून धड उठूनही बसता येत नाही.

"गणपतीत आला तवा हिचं पोट बी दिसत नव्हतं," आनंदीबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघता, "उठा वो."

बाळ ठमाच्या मांडीवर दिलं. वाळे उचलले, कुंची उचलली. गूळ तेवढा राहिला.

दारातून वळून म्हणतात, "बारसं तुमचं तुमी करा. ज्याचं हाय त्याला बोलवा."

साठ वर्षांत माझी जीभ कधी कमी पडली नाही. आज पडली! ते एस.टी.च्या वाटेला लागले आणि मला सतरा उत्तरं सुचली. तो गूळ मी मुंग्यांना घातला.


१ डिसेंबर

मैना रडत नाही. त्याचीच भीती वाटते. आज एवढंच म्हणाली, "आत्या, तिची नखं बघा. गालावर ओरखडे काढून घेते. सातव्यात जन्मलं तर येवढी नखं असतात का वो?"

मी बाळ पदरात गुंडाळलं आणि तडक दवाखान्यात गेले. बाकावर माणसं होती. असू देत. काटा बाजूला सारला आणि बाळ टेबलावर ठेवलं.

"आता काट्याकडे न बघता हिच्याकडे बघा."

डॉक्टर बिचकले, पण बघितलं. नखं बोटांच्या पुढे आलेली. तळपायाला टाचेपर्यंत रेघा. कान दुमडून सोडला तर टणकन सरळ. करंगळी तोंडात दिली ती सुटेना. बराच वेळ बघत होते, आणि पुस्तक उघडलं नाही. तेवढ्याचे मार्क मी त्यांना दिले.

"दिवस भरलेले दिसतात खरे," म्हणाले. "पण मग आईला खायला कमी पडलं असणार."

"पडलं नाही. सासूच शपथेवर सांगते."

"काही दुखणं? ताप?"

"नाही."

"मग बाई, मूल एवढं लहान का, हे मला सांगता येत नाही. आणि कारण नसताना मी त्या लोकांना सांगितलं, दिवस भरलेत, तर त्यांना काय वाटेल? की तुम्ही मला भरीला घातलंत."

हे मात्र शहाणपणाचं बोलले. त्याचाच जास्त राग आला. म्हणजे आता कारण शोधायचं कोणी? मी!


३ डिसेंबर

बायका 'बाळ बघायला' येतात. बाळाकडे कोणी बघत नाही, सगळ्या मैनाकडे बघतात. शेजारच्या गोदूबाई आज म्हणाल्या, "सातव्यातली जगतात हो, बाई. आठव्यातली नाही जगत."

विचारलं, "आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी कितव्यातली असतात?"

चहा अर्धा टाकून गेल्या. कपबशी मी दोनदा घासली.


६ डिसेंबर

आज बारावा दिवस. पाळणा आणला होता, तो तसाच भिंतीला टेकवून ठेवलाय. बाळाला नाव नाही. ठमा तिला 'बाय' म्हणते, मी 'ए' म्हणते.

निरोप आला, कंडक्टरच्या तोंडी. कंडक्टरच्या! साऱ्या गाडीनं ऐकला असणार. "मैनाला धाडू नका. सदूला दुसरी बघताव." म्हणजे मैना टाकली. एकोणीस वर्षांची मुलगी टाकली, आणि ही बाय बापाशिवायची ठरली. कशावरून? तर एक वाळा घसरला यावरून!

आणि सदू? मुंबईहून चकार शब्द नाही. दोन पायांचं दगडी मौन. आईनं बोटं मोजायची आणि मुलानं पायाचे अंगठे बघायचे, असले पुरुष किती जन्माला घालतो आपण!

मी ठमाला म्हटलं, आपणच करू बारसं. तर म्हणते, "नाव ठेवायला बापाची भन लागते, वन्सं. आत्या." सदूला बहीण नाही का? होती एक, तुळजा नावाची. पाच-सहा पावसाळ्यांपूर्वी बाळंतपणात गेली, तिचं मूलही गेलं. तिचं नाव निघालं की आनंदीबाई भर दुपारी उठून चूल पेटवायला जातात म्हणे.

लेक गमावलेली बाई. आणि दुसऱ्याच्या लेकीवर अशी उलटते! दुःखानं माणसं शहाणी होतात असं आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर सुपीरियर म्हणत. मदर कधी वाडीत राहिल्या नव्हत्या.


८ डिसेंबर

सापडलं. काहीतरी सापडलं!

ठमाच्या बोचक्यात जुनी दुपटी होती, ती वाळत घालताना त्यातून चिंधीत बांधलेले दोन वाळे पडले. काळे पडलेले. मी बघताक्षणी ओळखले. मैनाचे! ती जन्मली तेव्हा मीच ते घडवून आणले होते. महाडचा सोनार पायाच्या मापाचा दोरा बघून हसला होता: "बाई, वाळे घडवू का अंगठ्या?" मी त्याला दोन शब्द सुनावले होते, तेही आठवलं.

चिंचेनं घासले. बायच्या पायात घातले.

बसले. घट्ट नाहीत, सैल नाहीत. पाय झाडला, पडले नाहीत. जणू तिच्याच पायाचा दोरा नेला होता.

मी तिथंच जमिनीवर बसले. मैना आज माझ्याएवढी उंच आहे, डोक्यावर दोन हंडे घेते. पण जन्मली ती याच मापाची. तेव्हा उपासमार नव्हती की साथ नव्हती, आणि दिवसही पुरे होते. सातव्याची ओटी मी स्वतः दिवाळीच्या सुटीत येऊन भरली होती, आणि मैना झाली संक्रांत उलटल्यावर! मीच साक्षीदार आहे.

नाक आजीवर गेलं, रंग मामावर गेला, असं सगळे म्हणतात. मग आईच्या जन्माचं माप लेकीला का मिळू नये? आई नंतर वाढली, खाल्लं-प्यालं, हंडे उचलले. पण आत कुठेतरी, जिथं मूल धरतं तिथं, ती त्या मापाचीच राहिली असेल तर?

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी वाळे हातात घेऊन पाहिले. "असं पुस्तकात नाही, बाई," म्हणाले. मग वाळे परत देत, "पण अशक्यही वाटत नाही." त्या पोराचं काहीतरी होईल.


१० डिसेंबर

ठमाला विचारलं, मैना एवढी लहान का झाली? तू आजारी होतीस का?

"मला काय आठवत नाय, वन्सं."

जिला आपल्या म्हशीचे वेतकाळ सगळे पाठ, तिला पहिलं बाळंतपण आठवत नाही! डोळे चुकवून तांदूळ निवडायला लागली. निवडलेलेच तांदूळ.


१४ डिसेंबर

जाऊन आले. पाय सुजलेत. मनाचं काय झालंय ते उद्या बघेन, आधी घडलं ते लिहिते.

सकाळच्या गाडीनं पोलादपूर, तिथून घाटाच्या अंगानं चालत. ठमा बरोबर होती. मैना आणि बाय घरी. दवाखान्यातली नर्स दिवसभर बसली.

हैबतराव खळ्यावर होते. मळणी चालू. बैल फिरत होते, आनंदीबाई सुपानं भात वारवत होत्या. आम्हाला पाहिलं आणि सूप थांबलं.

"हितं काय हाय तुमचं?"

"चहा प्यायला नाही आले. वाळे दाखवायला आले."

वाळे तळहातावर धरले. सांगितलं सगळं. हे मैनाच्या जन्माचे, आणि हे आज तिच्या लेकीला बरोबर बसतात. आनंदीबाईंनी एक उचलला, करंगळीत घालून फिरवला.

"मंग? आय सातमाशी, लेक सातमाशी."

"मैना सातमाशी नाही. सातव्याची ओटी मी भरली, दिवाळीत. ती झाली संक्रांतीनंतर. देवळात येऊन सांगू?"

"नऊ भरून येवढीशी? का? तुमच्या घरात खायला नव्हतं?"

मी तोंड उघडलं. आमच्या घरात! वडील महाबळेश्वरला जंगलखात्यात, घरी दुभतं, भाताची कणगी कधी रिकामी नाही! पण माझ्याआधी ठमा बोलली.

"व्हतं. मला देत नव्हत्या."

"कोण देत नव्हतं?"

"वन्संच्या आई."

बैल फिरतच होते. ते कोणी थांबवले, आठवत नाही.

"अर्धी भाकर आणि ताक. मासळी नाय, दूध नाय. पोर लहान ऱ्हायलं तं सुटका सोपी व्हते, म्हनायच्या. त्यांची भन मोठ्या पोरानं अडून मेली व्हती ना, त्याचा धसका. वाईट बाय नव्हती वो. रडायच्या बी आणि भाकर बी मोडून घ्यायच्या." मग माझ्याकडे वळून, "तुमी सुटीत यायच्या तवा ताटात पुरी भाकर असायची. मंग कशाला सांगू तुमाला?"

मला तिथं बसावंसं वाटत होतं. पण बसले असते तर मैनाचं घर गेलं असतं. म्हणून हैबतरावांकडे वळले.

"भाताची रोपं टाकायचा राब नीट भाजला नाही, रोप खुरटं आलं, तर काय होतं?"

"काय व्हायचं? खुरटंच."

"ते उपटून चांगल्या खाचरात लावलं? शेणखत घातलं, पाणी दिलं, तण बेणून काढलं?"

"जगंल की. हिरवं ऱ्हाईल, उभं बी ऱ्हाईल." त्यांनी पेंढीतली एक लोंबी ओढली. "पन लोंबी आखूड येते." मग माझ्याकडे बघत, "तुमाला राब कोणी शिकवला, बाई?"

"मी कॉन्व्हेंटात शिकले, हैबतराव. कॉन्व्हेंटात उगवले नाही."

ते हसले. थोडंसं.

"तुम्ही मैनाचं सगळं केलंत. अंडी, सुकट, तूप. तुमच्या खाचरात काही कमी नव्हतं. पण तिचा राबच खुरटला होता, आणि तो आमच्या घरी खुरटला. दोष द्यायचा तर तिथं द्या. त्या पोरीला आणि वैशाखाला देऊ नका."

हैबतराव लोंबी हातावर चोळत राहिले. दाणे पडत होते, तिकडे लक्ष नव्हतं.

आनंदीबाई ताठ उभ्या. "शिकल्याल्यांची बोलणी! हिकडचं तिकडं जोडत्यात. मला नाय पटत. आनि कंदी पटायचं नाय!"

तेव्हा माझी जीभ सुटली. "तुम्ही स्वतःकडे बघा की! एवढ्याशा! तुम्ही जन्मलात तेव्हा केवढ्या होता? आणि तुमची लेकरं केवढी झाली? का तीही सगळी सातव्यातली?"

तोंडावरचा रंगच उडाला. वाळा मुठीत गच्च धरला. मग तो ठमाच्या हातात ठेवला आणि घरात गेल्या. थोड्या वेळानं कौलांतून धूर येऊ लागला. भर दुपारी!

लागलं वर्मी. हरली!


१५ डिसेंबर

आई.

तिचा फोटो भिंतीवर आहे. आज उठल्यापासून तिच्याशी भांडतेय. तू मला शिकवलंस. डोंगरापलीकडे पाचगणीला, नन्सच्या शाळेत, भाऊबंदांची बोलणी खाऊन. माझ्या ताटात कधी कमी वाढलं नाहीस. आणि परक्याच्या लेकीच्या हातातली भाकर मोडून घेतलीस! चांगल्या मनानं! वाईट मनानं केलं असतंस तर तुझा फोटो उतरवून ठेवता आला असता. आता काय करू?

आणि ती अर्धी भाकर कुठवर पोचली बघ. ठमाच्या पोटातून मैनात, मैनातून बायच्या टाचेपर्यंत. तू जाऊन दहा वर्षं झाली आणि वाळा आत्ता घसरला.

ठमाला म्हटलं, सांगायचंस ना मला. म्हणाली, "सांगून? तुमी आईशी भांडला असता, शाळेत परत गेला असता. मी तितंच ऱ्हानार व्हते."

आज दुपारी मी तिला वाढलं. दोन भाकऱ्या, तूप, बांगडा. ती म्हणाली, "आता कशाला, वन्सं!" आणि सगळं जेवली.


१९ डिसेंबर

हैबतराव आले. एकटे. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बारसं करू. सदूला निरोप धाडलाय, तो येतोय. घरात मी सांगितलंय."

मी हो म्हणणार, तोच आतून मैनाचा आवाज. दाराआड उभी होती.

"मामंजी, सासूबाईंना सांगा. वाळे त्यांनीच घालायचे. सगळ्यांसमोर. जुने. नायतर मी हितंच बरी हाय."

केवढी झाली ही पोर! हैबतरावांनी मान डोलावली. मी काही शिकवलं नव्हतं तिला. पण शिकवलं असतं तर हेच!


२४ डिसेंबर

बारसं झालं!

घर माणसांनी भरलं. सदू मुंबईहून आला, नव्या शर्टात, माझ्यापुढे उभा राहायला घाबरत. म्हटलं, "गिरणीत जिभा काढून ठेवून घेतात का रे?" लाजला. म्हणाला, "आत्या, मला ठाव व्हतं मैना तशी नाय." ठाऊक होतं! मग बोलायला काय मुहूर्त लागत होता? पण बाळ उचललं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. तेवढ्यावर सोडला.

डॉक्टर कमलाकरही आले. सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं की दिवस पूर्ण भरलेले आहेत, माझं आधीचं म्हणणं चुकलं. पूर्ण मार्क!

आणि आनंदीबाईंनी वाळे घातले. त्या जुन्या, चिंचेनं घासलेल्या वाळ्यांतला एक, मग दुसरा. मैनानं बाळाचा पाय धरून दिला. वाळे बसले. बायनं पाय झाडले, नुसता आवाज झाला. गोदूबाई पुढे मान काढून बघत होत्या; त्यांना म्हटलं, "नीट बघून घ्या, नाहीतर परत यावं लागेल."

नाव सदूच्या चुलत बहिणीनं ठेवलं. अनुपमा. मी सुचवलेलं. घुगऱ्या वाटल्या. आनंदीबाई पाळण्यापासून दूर, खांबाला टेकून बसून होत्या. जेवल्या नाहीत. शरमल्या असतील, शरमायलाच हवं! मला वाईट वाटलं नाही. जिंकल्यावर वाईट वाटण्याइतकी मी कधीच भली नव्हते.

उद्या सकाळी सासरचे परत जातील. मैना अजून दोन महिने इथंच.


२५ डिसेंबर

सकाळी सगळे गाडीच्या गडबडीत. आनंदीबाई मागच्या पडवीत माझ्यापाशी आल्या. आवाज इतका लहान, की मला वाकावं लागलं.

"मला बी कापसात ठेवली व्हती म्हनं, जलमले तवा."

मग म्हणाल्या, "माजी तुळजा बाळंतपनात नाय गेली. सासरच्यांनी पोर सातमाशी म्हनून माघारी धाडली. पोर घेऊन दारात आली. म्हनत व्हती, आये, दिवस भरल्यात गो. मी कडी नाय काढली." त्या रात्री सावित्री नदीला पूर होता, एवढंच पुढे सांगितलं.

"तिचं पोर बी येवढंच व्हतं, बाई. मंग ती खरं बोलत व्हती का वो?"

खोटं बोलू नये, एवढं एकच नन्सनी मला पक्कं शिकवलं. आज पहिल्यांदा ते विसरावंसं वाटलं.